उजवीकडची मोकळी जागा

लोकप्रियतेच्या यादीत पंचविसाव्या क्रमांकाखाली घसरलेला फुटबॉलपटू आमच्या कोल्हापुरात प्रेक्षकांना मैदानावर दिसत नाही. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा जपानी बचावपटू तोशिओ नागातानी सोमवारच्या यादीत सव्विसावा आला आणि बुधवारच्या सामन्यात कुणाला दिसला नाही.

आम्हा खेळाडूंना तो दिसत होता, कारण नियम प्रेक्षकांपुरताच आहे. प्रेक्षकांनी पाहिलं ते एवढंच, की गोलात निघालेला चेंडू उजवीकडच्या मोकळ्या जागेवर आपटून तीनदा परत फिरला. दुसऱ्या दिवशी दूधकट्ट्यावर लोकांनी त्याला विचारलं, "काय तोशिओ, काल मॅचला आला न्हाईस?"

"आलो हुतो की," तो म्हणाला आणि दुधाचा पेला संपवला.

माझं डोकं फिरलं. दोन वर्षं हा माणूस आमच्यासाठी नडग्या फोडून घेतोय. मी कॅप्टन, म्हणून पुढच्या सोमवारी त्याला घेऊन क्रमांक कचेरीत गेलो.

तिथल्या हेरवाडकरसाहेबांनी खुर्च्या दिल्या. "दिसणाऱ्या संघात न दिसणारा खेळाडू फायनलला चालत नाही. नियम अकरा. यांनी गोल झाल्यावर जरा नाचावं. क्रमांक वर येईल."

"मी गोल मारत न्हाई, अडवतो," तोशिओ म्हणाला. "अडवल्यावर कोण नाचतंय व्हय?"

साहेबांना ते पटलं. त्यांनी नवी यादी काढली. "मग दुसरा मार्ग आहे. या आठवड्यात पहिला क्रमांक 'उजवीकडची मोकळी जागा' हिला मिळालाय. ती जागा मीच, असं लिहून द्या. फायनलला मोकळी जागा या नावाने दिसाल."

तोशिओने अर्ज शेवटपर्यंत वाचला आणि पेनाला टोपण लावून परत दिलं.

"मी जागा न्हाई. मी तोशिओ हाय."

"मग फायनल विसरा."

संध्याकाळी तालमीत मी सगळं सांगितलं. आमचा गोलकीपर सर्जेराव यादीत चौथा, चौकातल्या फलकावर त्याच्या मिशा बैलगाडीएवढ्या. तोच आधी उठला. "माझं नाव काढा यादीतनं. ह्यो दिसणार न्हाई, तर मी बी दिसणार न्हाई."

मंगळवारी आम्ही यादीतून नाव कमी करण्याचे दहा अर्ज दिले. साहेबांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं. न दिसणाऱ्या संघात न दिसणारा खेळाडू चालत नाही, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी शिक्का मारला.

फायनलला मैदान खच्चून भरलं. प्रेक्षकांना समोरचा संघ नव्वद मिनिटं घाम गाळताना दिसला आणि एक-शून्यने हरताना दिसला. प्रमुख पाहुण्यांनी चषक पुढे धरला. मी तो तोशिओकडे दिला. त्याने तो डोक्यावर उचलला आणि मैदानाला फेरी मारायला निघाला. आम्ही त्याच्या मागे.

लोक उभे राहिले. चषक कुणाच्या हातात आहे ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी अकराही नावं घेऊन आरोळ्या ठोकल्या. तोशिओचंही नाव घेतलं. आणि हा पठ्ठ्या तेव्हा नाचला.