दोन्ही हात बांधलेला डॉक्टर

शिकाऊ डॉक्टरचे दोन्ही हात अडकले होते, आणि ते त्यानं स्वतःच, पूर्ण शुद्धीत असताना, जेवणाच्या सुट्टीत अडकवून घेतले होते.

कारण मावशी. पुनर्वसन विभागात, म्हणजे लुळ्या पडलेल्या हातापायांना पुन्हा कामाला लावायच्या वॉर्डात, त्या त्याच्या वाट्याला आलेल्या एकुलत्या एक पेशंट होत्या. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा डावा हात गेला होता. आता त्यात थोडी ताकद परत आली होती, पण मावशी त्याला तसदी द्यायला तयार नव्हत्या. "हा हात म्हणजे घरजावई," त्या म्हणायच्या. "मी काम सांगायचं नाही नि त्यानं करायचं नाही." अशा हातावर विभागाकडे एक जालीम उपाय होता. चांगल्या हातावर जाड मोजा चढवून मनगटाशी बक्कल आवळायचं, म्हणजे दुसऱ्या हाताला झक मारत हलावं लागतं. मावशींनी मोजा उलटासुलटा करून पाहिला आणि फर्मावलं, "आधी तू घालून, चहा करून दाखव. मग बघू."

पोरगं शब्दाचं पक्कं. पेशंटना घरकाम शिकवायच्या सरावाच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यानं डाव्या हाताला दंडापासून बोटांपर्यंत लांब पट्टी बांधली, म्हणजे तो मावशींच्या हाताइतकाच निकामी झाला. मग उजव्या हातावर मोजा चढवला आणि बक्कल दातांनी ओढून आवळलं. दातांनी बक्कल आवळता येतं, सोडवता येत नाही, हे त्याला आवळून झाल्यावर कळलं.

बरोबर कुणी असतं तर असं झालं नसतं. पण बरोबर कुणी नव्हतंच. या गावात येऊन त्याला बरेच दिवस झाले होते. बाकीचे शिकाऊ डॉक्टर घोळक्यानं कँटीनला जायचे आणि हा इथं भिंतीकडं तोंड करून डबा खायचा. त्याला फार एकटं वाटायचं. हल्ली तर फ्रिजची घरघर सुरू झाली की कुणीतरी आल्यासारखं वाटून बरं वाटायचं.

तेवढ्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताई आत डोकावल्या.

"अरे वा! सराव चाललाय वाटतं?"

"ताई, हे जरा सोडवा ना."

ताईंचे हात झटकन पाठीमागे गेले. विभागाच्या मॅडमचा नियमच होता तसा. पेशंटनं कितीही गयावया केली तरी आयती मदत करायची नाही, आपले हात पाठीमागे ठेवायचे.

"जमेल तुम्हाला! प्रयत्न करा!"

"अहो, मी खरंच अडकलोय."

"सगळे असंच म्हणतात," ताई कौतुकानं म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांच्यामागून वॉर्डमामा आले. त्यांना त्यानं अगदी काकुळतीला येऊन विनवलं. "साहेब, पेशंटचा आवाज हुबेहूब काढता हं!" मामा म्हणाले. त्यांना टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात मागं होते.

मामाही गेले आणि ओट्यावरचा फोन वाजला. आईचा. उचलला नसता तर तिनं थेट मॅडमना फोन लावला असता, एवढी ती काळजी करणारी. मोज्याला फोन दाद देईना, म्हणून त्यानं वाकून नाकानं उचलला. कुठं नाक लागलं कोण जाणे, स्पीकरही सुरू झाला.

"जेवलास?"

"हो, आत्ताच. मित्रांबरोबर."

"मग एवढी शांतता कशी?"

"सगळ्यांच्या तोंडात घास आहेत. तू काय करतेयस?"

"मला कुठली बाई उसंत! आत्ता शेजारणी उठून गेल्या. दिवसभर गोतावळा. ते राहू दे, एका मित्राला फोन दे. रोज नुसतं ऐकते, आवाज एकाचाही ऐकला नाही."

"तो... हात धुवायला गेलाय."

"मग थांबते की."

त्यानं घाईघाईनं नाकानं फोन बंद करायचा प्रयत्न केला. नाकाला घाम सुटला होता, त्यामुळे आवाज तेवढा वाढला. मागं वळून बघतो तर दारात चाकाच्या खुर्चीत मावशी. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

त्यांनी खुर्ची जवळ आणली आणि उजव्या हातानं बक्कल ओढलं. बक्कलाबरोबर मोजाही पुढं आला. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच.

"अरे धर की मेल्या!" मावशी खेकसल्या. डॉक्टर दचकला, पण त्या त्याच्याशी बोलत नव्हत्या. त्यांचा डावा हात मांडीवरून उठला, थरथरत वर आला, मोज्यावर पडला आणि त्यानं मोजा दाबून धरला. बक्कल सुटलं.

दोघंही त्या हाताकडे बघत राहिले. "उठला गं बाई," मावशी पुटपुटल्या. डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोण उठलं?" फोनमधून आई ओरडली. "कोण बाई बोलतेय तिथं?"

"मी त्याची मैत्रीण," मावशी म्हणाल्या. "जरा वयस्कर आहे, चालवून घ्या."

"अहो, मग खरं सांगा, त्याचं बरं चाललंय ना तिथं?"

डॉक्टरनं मान हलवून, डोळे मोठे करून मावशींना नाना खुणा केल्या. मावशी त्या बघून म्हणाल्या, "कसलं बरं! रोज बघते मी दारातून, भिंतीकडं तोंड करून एकटा जेवतो बिचारा."

मग आई अगदी हळू आवाजात बोलली, पण स्पीकरवर ते खोलीभर ऐकू आलं. "तुम्हाला म्हणून सांगते, त्याला कळू देऊ नका. माझ्याकडंही चिटपाखरू फिरकत नाही हो. शेजारणी-बिजारणी सगळी थाप. पोरगं उगाच जिवाला लावून घेईल, म्हणून आपलं..."

मावशींनी फोन डॉक्टरपुढं सरकवला.

"आई," तो म्हणाला, "मला इथं अजिबात करमत नाही."

"मलाही नाही रे!" आई म्हणाली. इतका खुशीतला तिचा आवाज त्यानं घर सोडल्यापासून ऐकला नव्हता.