निळ्या ड्रमवरचा पहारा

"नागपुरातला चोर घराबाहेर पडताना एकदा माझं नाव आठवतो, अन् परत जाऊन झोपतो," असं मुकुंदराव स्वतःबद्दल सांगतात. दुसरं कोणी सांगत नाही, म्हणून त्यांनाच सांगावं लागतं. ते माझे भाऊजी. मी सुशील, त्यांचा साळा, बिनपगारी सहाय्यक आणि कीर्तनवेडा. देव प्रत्येक भक्ताची परीक्षा घेतो. माझ्यासाठी त्यानं ताईचा नवरा योजला.

मे महिना. पाइपलाइनच्या दुरुस्तीसाठी नळ दोन दिवस बंद राहणार, हे कळताच भाऊजींनी घर आणीबाणीसाठी सज्ज केलं. टॉर्च, मेणबत्त्या, ऊन लागू नये म्हणून कांदे, आणि गच्चीवरचा निळा ड्रम काठोकाठ. त्यावर पाटी : 'राखीव साठा. हात लावू नये.' नेमकं त्यातच आमच्या घरी इंदूबाईंचं कीर्तन ठरलेलं. मंडळींचं पाणी, पन्हं, प्रसाद, सगळी भिस्त त्या ड्रमवर.

कीर्तनाच्या दिवशी सकाळी ड्रम बराच खाली गेलेला!

"असंच चाललं तर कीर्तन रद्द करा लागन," प्रेमिलाताई म्हणाली. मी टाळ छातीशी धरले.

भाऊजींनी डोळे मिटले. "शेजारच्या विहंगची गाडी चकाकून राहिली. धुतली कशानं?"

आम्ही विहंगकडे गेलो. "काका, धुतली नाही, कालच नवीन घेतली. पेढा घ्या."

"पाहिलं?" बाहेर येऊन भाऊजी पेढा चघळत म्हणाले, "आपलं तोंड बंद करून राहिला!"

मग त्यांनी माझ्या कपाळाकडे रोखून पाहिलं. "गंध ओला हाय तुमचा. चोरून दोनदा आंघोळ केली ना?"

"घाम हाय भाऊजी."

"सगळे गुन्हेगार असंच म्हणतात."

शेवटी पहारा बसला. गच्चीचा जिना हॉलमधूनच जातो. भाऊजी जिन्याकडे तोंड आणि कूलरकडे पाठ करून बसले. तापल्या डोक्यात तर्क नासतो म्हणे, म्हणून कूलर फुल्ल. त्यांच्याच एका युक्तीमुळे त्यात बादलीनं पाणी ओतावं लागत नाही, याचा त्यांना फार अभिमान. दुपारभर जिन्यावर माशीसुद्धा चढली नाही. तरी ड्रम अर्ध्याच्याही खाली!

"मी बसलो की जास्तच नेते!" भाऊजी भारावले. "लय हिंमतवाला चोर हाय!"

तेवढ्यात इंदूबाई आल्या. ताईनं ओशाळून अर्धाच तांब्या पुढे केला आणि सगळी हकिकत सांगितली. बाईंनी कूलरसमोर पदर सारखा केला. गार तुषार तोंडावर आले.

"काहून वं प्रेमिला," त्या म्हणाल्या, "नळ बंद, बादली कोणी आणत नाही. मग हा कूलर कोणाचं पाणी पिऊन राहिला?"

मी खिडकीतून वर पाहिलं. निळ्या ड्रममधून निघालेली नळी सरळ कूलरच्या पोटात. भाऊजींची युक्ती!

"तुमची पाटी वाचता येत नाही ना त्याले," ताई म्हणाली.

कूलर बंद झाला. उरलं पाणी प्रसादाला पुरलं. कीर्तन झालं, आणि काय रंगलं! सारे घामानं न्हालेले. बाईंच्या मागे पंखा हलवायची शिक्षा भाऊजींना. उत्तररंगात बाईंनी दृष्टांत घेतला, "एक गृहस्थ गावभर चोर शोधे, अन् चोर त्याच्याच पाठीला वारा घाले!" मंडळी लोटपोट. माझे डोळे भरून आले. बाई कुठूनही वाट काढून देवापाशीच नेतात.

आरतीच्या वेळी भाऊजी पंखा थांबवून माझ्या कानाशी वाकले.

"सुशील, एक गोष्ट कोणाच्या ध्यानात नाही आली गा. मी दिवसभर त्याच्याकडे पाठ काहून केली होती? चोर बेसावध राहावा म्हणून!"