पुलावरून नाही

आमच्या आरमोरीत गणपती विसर्जनाला निघाले, की मंडळाची पोरं आधी प्रमिलाबाईंच्या फाटकाकडे बघतात. फाटकाला कुलूप असलं तर डीजे सुरू. उघडं दिसलं तर ट्रॅक्टर मागच्या रस्त्यानं.

प्रमिलाबाई माझ्या शेजारच्या. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. रिटायर झाल्या, पण आवाज अजून ड्युटीवर आहे. दूधवाला, केबलवाला, माझा नवरा, सगळे त्यांच्या लेखी एकाच वॉर्डातले पेशंट. राग आला की सुरुवात ठरलेली, "अक्कल कुठी ठेवून आला बे?" आणि राग बहुतेक आलेलाच असतो. देवालाही सूट नाही. घरचा मातीचा गणपती पाटावर मांडताना त्यालाच दटावतात, "सरळ बस ना! बसून राह्यला का झोपून राह्यला?"

मागच्या वर्षी विसर्जनाला मी त्यांच्यासोबत वैनगंगेच्या पुलावर गेले होते. त्यांच्या पिशवीत घरची वीतभर मूर्ती होती. आमच्या पुढ्यातच एका मंडळानं आपला गणपती ट्रॉलीतून काढला, कठड्यावर टेकवला आणि खाली ढकलला. धप्प आवाज आला. वर शिट्ट्या, टाळ्या, मोबाईल.

पिशवी माझ्या हातात कोंबून बाई सरळ कठड्याला जाऊन चिकटल्या. पुढच्या मंडळाची मूर्ती तोवर ट्रॉलीतून निघालीच होती.

"अक्कल कुठी ठेवून आले बे? दहा दिवस याच्यापुढं नाक घासलं, नवस बोलले, अन् आता पोत्यावानी फेकून राह्यले?"

त्या मंडळाचा अध्यक्ष मंगेश. तो हसत म्हणाला, "विसर्जनच तं आहे, बाई. वरून गेला काय अन् खालून गेला काय, पाण्यातच जाते ना?"

"असं? तुयी आजी गेली तवा तिले बी पुलावरूनच ढकललं का?"

शिट्ट्या थांबल्या. मंगेशचं तोंड लालबुंद झालं. "देवाच्या दिवशी मयताचं बोलता? व्हा बाजूला!" त्यानं त्यांचा दंड धरून ओढला. बाईंनी कठड्याला मिठीच मारली.

"नाई होत! पाठवाचं आहे तं हातानं पाठवा. मानसानं पाण्यात उतराचं, त्याले धराचं, मंग सोडाचं. त्याले विसर्जन म्हनते. हे तं कचरा टाकनं झालं!"

मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. हॉर्न, आरडाओरड, कोणीतरी शिवी घातली. बाईंनी ती सव्याज परत केली. शेवटी पोरं वैतागली. मूर्ती उचलून, उतारावरून घसरत, बाईंच्या नावानं बोटं मोडत खाली घाटावर गेली. पाण्यात पाय पडल्यावर मात्र त्यांचे आवाज आपोआप उतरले. मंगेशनं मूर्तीच्या पाठीला हात लावून तिला हळूहळू खाली टेकवलं.

मला वाटलं, आता तरी बाई खूश होतील. तर त्यांचा श्वास रागानं अजून फुललेलाच. "चाल," म्हणाल्या आणि मला घेऊन गर्दीपासून लांब नदीत उतरल्या. कमरेएवढ्या पाण्यात जाऊन त्यांनी माझ्याजवळच्या पिशवीतून आपला गणपती घेतला, दोन्ही तळव्यांवर ठेवून पाण्याखाली नेला आणि तशाच उभ्या राहिल्या.

बराच वेळ झाला. माझे पाय गारठले. "बाई, सोडा ना आता."

"तुले काऊन घाई झाली?" त्या खेकसल्या. मग नदीकडे बघतच बोलल्या, "कोरोनात यायले नेलं, तवा मी दवाखान्याच्या गेटावर उभी होती." 'यायले' म्हणजे नवऱ्याला. "मी तिथलीच नर्स, तरी मले आत नाई जाऊ देल्लं. प्लास्टिकमंधी बांधून आनलं अन् गाडीत टाकलं. धप्पकन. कोनाचंच चुकलं नोतं, माय. तसाच नेम होता तवा. पन मले हात नाई लावू देल्ला."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तो त्यांनी झटकला नाही.

मूर्तीला भेगा पडू लागल्या होत्या. सोंड विरघळली, मग कान गेले. गढूळ पाणी त्यांच्या बोटांमधून वाहत राहिलं. बाई खाली वाकल्या आणि मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात त्या मातीला म्हणाल्या,

"जा आता. सावकाश जा. मी आहो इथी."