तलावाच्या वाटेवर तीन कुळं

"या वेळी पण नाही पोचलो ना, तर मी बिश्केकला मावशीकडे जाणार. कायमची," गाडीतून उतरता उतरता चोल्पोनने जाहीर केलं. अकरा वर्षांची पोरगी पाठीला पिशवी अडकवून चढ चढायलाही लागली.

तिचा बाप मेदेर गाडीला कुलूप लावून मागे निघाला. बायको गेल्यापासून तो मुलीला घेऊन दोनदा या तलावाला निघाला होता. पहिल्यांदा गाडीने घाटात मान टाकली. दुसऱ्यांदा तंबू आला आणि त्याच्या काठ्या नारिनला घरीच राहिल्या. आणि उद्या शाळा सुरू होणार होती. म्हणजे आजच वर जायचं आणि आजच खाली यायचं.

दोन तासांनी वाटेला फाटे फुटले. तिथे एका तंबूच्या दारात सुयुम्बाय आजोबा दाढी कुरवाळत बसले होते.

"विचारू नकोस, बाबा. बसवून घेतील."

"रस्ताच तर विचारतोय गं. आजोबा, तलावाला कुठल्या अंगानं जायचं?"

"सांगतो की. आधी तू कुणाचा, ते सांग."

खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. मेदेर म्हणाला, सरीबागिश कुळातला. मग लहानपणी पाठ केलेली सात पिढ्यांची नावं त्याने घडाघडा म्हटली. पाचव्या नावाला आजोबांनी त्याला मिठीच मारली.

"अरे, हा तर माझ्या पणज्याचा सख्खा भाऊ! घरचाच निघालास की! ए, मेंढी धरा रे!"

मेंढी म्हणजे चार तास गेले. "येताना नक्की जेवतो" अशा शपथा घेत, घोडीच्या दुधाचं आंबट कुमीस दोन दोन वाडगे पोटात ढकलून बापलेक कसेबसे सुटले.

"आता कूळच बदलतो," मेदेर म्हणाला. "इसिक-कुलकडच्या बुगू कुळातला म्हणून सांगतो. इथं कोण बसलंय त्यांचं?"

पुढची वाट बैशे नावाच्या मेंढपाळाच्या तंबूच्या दारावरूनच जात होती, आणि भाकरीचा तुकडा न मोडता दारावरून जाणं म्हणजे घरधन्याचा अपमान. मेदेरने तुकडा मोडला आणि कूळ सांगितलं.

बैशेच्या हातातला लगाम गळून पडला. "अगं ए, बाहेर ये! आपली थोरली दिलीय त्यांच्यातला माणूस आलाय. व्याही आलेत, व्याही!"

"लांबचा आहे हो. फारच लांबचा."

"व्याह्याला लांब न् जवळ काय?"

भाऊबंदाला नुसती मेंढी. व्याह्याला मेंढी तर हवीच, वर मखमली झगाही हवा. मेंढी कशीबशी परतीवर ढकलली, पण झगा अंगावर चढलाच. ऐन उन्हात, घामाने निथळत, नवरदेवासारखा मेदेर चढ चढू लागला.

"छान दिसतोयस," चोल्पोन म्हणाली. "आता कुणाचाच नाही म्हणून सांग."

तेही त्याने केलं. तिसऱ्या तंबूपाशी अनीपा आजी घोडीचं दूध काढत होत्या.

"कुणाचा रे तू?"

"कुणाचाच नाही, आजी. अनाथाश्रमात वाढलो."

आजींनी बादली खाली ठेवली आणि गळाच काढला. "कुणाचाच नाही असं म्हणतात का रे लेकरा! मला सहा मुलगे आहेत, तू सातवा. आणि ही माझी नात. चला आत!"

या खेपेला सुटकाच नव्हती. रडणाऱ्या आईला "येताना जेवतो" कोण सांगणार? लोणी आलं, साय आली, शेजारणी बघायला आल्या. ऊन उतरू लागलं. चोल्पोन चिडलीसुद्धा नाही.

"जाऊ दे, बाबा," ती हळूच म्हणाली. "चल घरी."

ती भांडली असती तर मेदेरला बरं वाटलं असतं.

तेवढ्यात बाहेर टापा वाजल्या. पाहुणा उपाशी गेला तर खोऱ्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, म्हणून सुयुम्बाय आजोबा शिजलेली अख्खी मेंढी घेऊन आले होते. त्यांच्या मागोमाग बैशे आला. व्याह्यांच्या मुलीला रिकाम्या हाताने पाठवलं म्हणून बायकोने त्याला ओढणी देऊन पिटाळलं होतं.

"माझा भाऊबंद कुठंय?" आजोबांनी विचारलं.

"भाऊबंद कसला? व्याही आहेत ते माझे!"

"जिभा आवरा!" आजी कडाडल्या. "लेकरू अनाथ आहे!"

तिघांनी मेदेरकडे पाहिलं. मखमलीतला मेदेर उभा राहिला.

"मी सरीबागिशच आहे. बाकी सगळं खोटं," तो म्हणाला. "मला फक्त हिला तलाव दाखवायचाय. हिची आई गेली. आज पोचलो नाही, तर हीसुद्धा मला सोडून मावशीकडे जाईल."

तिघेही एकदम ओरडले, "मग हे आधी बोलायला काय झालं होतं, गाढवा?"

पाव तासात सगळे घोड्यावर होते. पुढे चोल्पोन, मागे मेंढी आणि मधे तीन घरांची माणसं, व्याही श्रेष्ठ की मानलेली आई यावर कडाक्याने भांडत. तलाव दिसताच चोल्पोन बुटांसकट पाण्यात शिरली, थंडीने किंचाळली, आणि परत येऊन तिने बापालाही झग्यासकट आत ओढलं. काठावर तिन्ही कुळं पोट धरून हसत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचायला दुपार झाली.

"उशीर का झाला?" बाईंनी विचारलं.

मेदेरने तोंड उघडलं, तोच चोल्पोनने त्याच्या पायावर पाय दिला. "नातेवाइकांकडे जेवण होतं, बाई."

"आणि तू तर सुट्टीआधी बिश्केकच्या शाळेत जाणार म्हणत होतीस ना?"

"छे! कशी जाणार?" चोल्पोनने बापाकडे बोट दाखवलं. "याला एकट्याला सोडलं, तर कुणाचा तरी जावई होऊन परत येईल."