सरांचं नेट गेलं नव्हतं!

"आज एकाचा जरी डोळा लागला ना, तर नाव सांगणार नाही मी!" सरांनी ठणकावून सांगितलं आणि कप असा आपटला की अर्धा चहा बशीत आला.

"कुणाला दम देताय? मी जागीच आहे," बायको म्हणाली.

सर म्हणजे गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीचे प्रशिक्षक. दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाचं लक्ष कसं खिळवून ठेवायचं, हे शाखाशाखांतल्या विक्रेत्यांना शिकवायचं, हे त्यांचं काम. पूर्वी ते समोरासमोर शिकवत. कुणी जांभई दिली की सर खडू फेकून मारत, आणि तो लागतही असे! मग कंपनीने प्रवास बंद केला, कार्यशाळा ऑनलाइन झाल्या आणि माणसं गेली. उरले काळे चौकोन. प्रत्येकावर शाखेचं नाव. त्यामागे विक्रेते काय करत असतील हे सांगायला ज्योतिषी नको. दुकानभर गाद्या पसरलेल्या आहेत हो!

सरांचं डोकं फिरायचं ते याच गोष्टीने. मागच्या वेळी "समजलं का सगळ्यांना?" असं त्यांनी विचारलं, तर उत्तरादाखल एका चौकोनातून घोरणं आलं. सर भडकले. "कोण घोरतंय हे?" तर चार शाखा दचकून एकदम म्हणाल्या, "हो सर!" नवी शाखा त्याहून बिलंदर. त्यांनी कॅमेरा चालू ठेवला होता, पण समोर उभा केला होता स्वतःचा मोठा फोटो! सर सबंध वेळ त्या फोटोकडे बघून शिकवत होते. वर कौतुक, "बघा, याला म्हणतात एकाग्रता!"

त्यात मोठ्या साहेबांचा फोन आला. या वेळी ते स्वतः बसणार होते. "लोक ऐकणारच नसतील तर रोज रोज घसा कशाला कोरडा करता? एकदाच रेकॉर्ड करू आणि तेच दाखवत राहू." म्हणजे सरांचं काम संपलं! सरांना बोलण्याशिवाय दुसरं काही येत नव्हतं. या वयात त्यांना गप्प बसायला सांगणं म्हणजे घरी बसायला सांगणं. खरं तर सर घाबरले होते. पण घाबरले की ते चिडायचे, त्यामुळे घरच्यांना फरक कळायचा नाही.

चिडूनच त्यांनी एक बेत आखला. बोलता बोलता मधेच थिजायचं. तोंड उघडं, हात वर, डोळे वटारलेले. नेट गेल्यावर चित्र अडकतं ना, अगदी तसं! जो जागा असेल तो लगेच ओरडेल, "सर, तुम्ही अडकलात!" जो ओरडणार नाही तो झोपलेला. सापडला! मग त्याला असा सोलून काढायचा की पुन्हा गादीवर पाठ टेकणार नाही. सरांनी आरशासमोर सरावही केला. फक्त बेत कुणाला सांगितला नाही. बायकोला एवढंच सांगितलं, "खोलीत कुणीही यायचं नाही. घर पेटलं तरी नाही!"

"बरं. पेटलं तर आम्ही बाहेर पडतो, तुम्ही शिकवा," बायको म्हणाली.

पण घरात आत्या होती. सरांची आत्या, त्यांना अजूनही ढब्बू म्हणणारी, चार दिवस राहायला आलेली. मोठ्या हॉस्पिटलात हेड नर्स म्हणून उभा जन्म गेलेला, आणि निवृत्त झाल्यापासून हाताला धड आजारी माणूस लागलेला नाही. घरात कुणी शिंकलं तरी तिचे डोळे चमकायचे!

कार्यशाळा सुरू झाली. सरांचा आवाज नेहमीसारखा जिन्यापर्यंत ऐकू येत होता. "गिऱ्हाईक दारात आलं की तुम्ही सगळ्यात पहिल्यांदा..." आणि सर थिजले.

कुणी ओरडलं नाही. सरांचा वर केलेला हात अवघडला. मग पुलाजवळच्या शाखेतून आवाज आला, "भोंगा बंद पडला वाटतं."

भोंगा! सरांची कानशिलं तापली. म्हणजे आपल्यामागे आपल्याला भोंगा म्हणतात?

"नेट गेलंय त्यांचं. बघ ना, तोंड कसं अडकलंय!"

"फोटो काढून ठेव रे."

आता उठतो आणि एकेकाची खरडपट्टी काढतो, असं सरांनी ठरवलं. तेवढ्यात मोठ्या साहेबांचा आवाज आला. "सर गेले का? बरं झालं. तोवर मोकळेपणाने बोलू. या कार्यशाळा चालू ठेवायच्या की बंद करायच्या?"

आता कसं हलणार? सगळ्या भवितव्याचा निकाल लागत होता! सर श्वाससुद्धा जपून घेऊ लागले.

"बंद करा साहेब," स्टेशनजवळची शाखा म्हणाली. "माणूस वाईट नाही, पण ओरडतात फार. दुकानात आलेली लहान मुलं दचकून रडतात."

"मी तर आवाज बंद करूनच ऐकतो!"

सगळे खो खो हसले. सरांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. पण एक शब्दही हुकवायचा नव्हता.

तिकडे स्वयंपाकघरात आत्याने कान टवकारले होते. "ढब्बूचा आवाज का गं येत नाही?"

"संपलं असेल बोलणं."

"त्याचं बोलणं संपलंय कधी? काहीतरी झालंय!" आणि आत्या दार ढकलून थेट खोलीत.

"ढब्बू! अरे ढब्बू!"

जा, जा, असं सरांनी डोळ्यांनी खुणावलं.

"अगं बाई, डोळे फिरवतोय! सूनबाई, धाव!"

सूनबाई धावत आली. नवऱ्याचं ते उघडं तोंड आणि जांभळा चेहरा बघून तिचा धीरच सुटला. "अहो! बोला ना काहीतरी! सकाळी मी उगाच टोमणे मारले हो!" ती हुंदके देऊ लागली. सरांना वाटलं, आता पुरे. पण साहेब नेमके म्हणत होते, "तर मग ठरलं..." काय ठरलं? एकच वाक्य, फक्त एकच! आणि आत्याने तांब्याभर पाणी सरांच्या डोक्यावर ओतलं.

"साहेब, एक मिनिट," स्टेशनजवळची शाखा म्हणाली. "सरांचं नेट गेलंय ना? मग या बाई कशा हलतायत?"

"आणि पाणी कसं ओघळतंय?"

मग पटापट एकेक काळा चौकोन उजळला. माणसं दिसू लागली! कुणाच्या गालावर उशीचे वळ, कुणाचं पांघरूण गळ्यापर्यंत, नवी शाखा तर स्वतःच्या फोटोमागून डोकावत होती. सगळ्यांनी एकच गिल्ला केला. "पाय वर करा!" "कांदा हुंगवा!" "आधी खिडकी उघडा!"

"गप्प बसा!" आत्या कडाडली. "आजार्‍याजवळ गोंधळ नको! तू, उशीवाल्या, अँब्युलन्स बोलव. आणि पांघरूणवाल्या, आधी ताठ बस!"

पांघरूणवाला ताठ बसला. पाठोपाठ सगळ्या शाखा ताठ बसल्या. सरांसाठी जन्मात कधी बसल्या नव्हत्या!

आत्याने सरांना कुशीवर वळवायला खांद्याला धरलं, खुर्ची कलंडली आणि सर जमिनीवर आडवे झाले. तिथे त्यांचा बांध फुटला. "अरे नालायकांनो, मला काहीही झालेलं नाही!"

"वाचा आली!" आत्याने जाहीर केलं. शाखांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या कसल्या पिटता? मुद्दाम थिजलो होतो मी! तुम्ही जागे आहात का ते बघायला! सगळं ऐकलंय! भोंगा काय? मी भोंगा?"

बायकोने डोळे पुसले. "म्हणजे मी रडत होते, तेव्हा तुम्ही ऐकत होतात?"

"हो, पण साहेब तेव्हा..."

तिने तांब्यात डोकावून बघितलं. थोडं पाणी उरलं होतं. तेही तिने ओतलं आणि ती निघून गेली.

ओलेचिंब सर उठले आणि पडद्यासमोर उभे राहिले. "तुम्ही काळोखात लोळता आणि मी भिंतीशी बोलतो. एकटाच बोलतो! मला कळत नाही का? मी काय माणूस नाही?" बोलता बोलता त्यांचा आवाज फाटला. कुणाची पापणी लवली नाही. पुलाजवळची शाखा मान खाली घालून म्हणाली, "चुकलं सर." मग मान वर करून, "पण गिऱ्हाईक दारात आलं की पहिल्यांदा काय करायचं, ते राहिलंच."

प्रश्न! ऑनलाइन कार्यशाळेत आलेला पहिला प्रश्न! सरांनी उत्तर दिलं, मग पुढचं दिलं, आणि अगदी शेवटपर्यंत एकही चौकोन काळा झाला नाही.

"वा!" साहेब म्हणाले. "अशी कार्यशाळा मी आजवर बघितली नाही. एकाचीही नजर हटली नाही!"

सरांची छाती फुगली.

"आणि नशीब बघा, सगळं रेकॉर्ड झालंय! आता हेच सगळीकडे दाखवत राहू. यापेक्षा चांगलं तुम्हालाही पुन्हा जमायचं नाही. तुम्ही खुशाल आराम करा. बरं, त्या बाई कोण? आत्या? प्रथमोपचारावर कार्यशाळा घेतील का, विचारा. रेकॉर्ड नको हं, दर वेळी कॅमेऱ्यासमोर बसूनच. त्यांच्यापुढे झोपायची कुणाची छाती होणार नाही."

तेव्हापासून सरांच्या खोलीत, सरांच्याच खुर्चीवर बसून आत्या शिकवते. सगळे कॅमेरे चालू असतात. सरांना अगदीच काम नाही असं मात्र कुणी म्हणू नये. ते रुग्ण असतात. कॅमेऱ्यासमोर चटईवर आडवे पडतात आणि आत्या त्यांना वळवून, दाबून दाखवते. पहिल्याच दिवशी सरांना राहवलं नाही. त्यांनी मान वर करून शाखांना एक मुद्दा समजावून सांगायला सुरुवात केली.

आत्याने त्यांचं डोकं खाली दाबलं.

"ढब्बू, बेशुद्ध माणूस बोलत नाही."