समासातली आई

"हे वाचन नाही, नुसतं बोट फिरवणं आहे!" आई वैतागून म्हणाली.

पंधरा वर्षांची मोठी फोनवरची कादंबरी अशी सरकवत होती, जणू जाहिराती टाळतेय. शाळेच्या वाचनाच्या ॲपवर महिन्याभरात एक कादंबरी संपवायची आणि मनात येईल ते समासात लिहायचं, असा बाईंचा उपक्रम. तीन आठवड्यांत मोठीची मजल पान चारपर्यंत. ही पोरगी आयुष्यात एक तरी पुस्तक शेवटापर्यंत नेईल, ही आशा आईने जवळजवळ सोडलीच होती.

शेवटचा उपाय म्हणून तिनेच कंबर कसली. मोठीच्या खात्यातून आपल्या फोनवर पुस्तक उघडलं. आपण आधी वाचू, जेवताना त्यावर बोलू, लागेल हिलाही गोडी! धाकटीला पाजताना, गॅसवरचं दूध उतू जाईपर्यंत ती वाचू लागली. मनात येईल ते समासात लिहूही लागली. त्या खात्यातलं सगळं बाईंना दिसतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

शुक्रवारी बाईंचा फोन आला.

"अहो, काय खोल वाचते तुमची मुलगी! तिच्या नोंदी मी वर्गात मोठ्या पडद्यावर लावते."

आईचा ऊर भरून आला. "काय लिहिलंय हो तिने?"

"पान चाळीस ऐका. 'या बाईला रडायलाही जागा नाही. मी निदान बाथरूममध्ये नळ सोडते.'"

आईच्या हातातला झारा खाली पडला.

"फक्त एकशे बाराव्या पानानंतर काहीच नाही. जरा प्रोत्साहन द्या तिला."

मोठी घरात शिरताच आई कडाडली, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"बोलले असते तर तू लिहायची थांबली असतीस."

"आणि पुस्तक?"

"ते कोण वाचतंय? वर्गात सगळे तुझंच वाचतात."

आईने कपाळावर हात मारला. एवढा खटाटोप करून पुस्तक वाचलं कोणी, तर तिने एकटीने, तेही अर्धवट.

तेवढ्यात धाकटीने भोकाड पसरलं. आई उठणार, तोच मोठीने तिला खांद्यावर घेतलं.

"राहू दे, मी बघते. आणि आई... नळ सोडलास तरी ऐकू येतं मला."

आईने फोन उचलला. पान एकशे तेरा.

दारातून मोठी म्हणाली, "नुसतं बोट फिरवू नकोस हं. नीट वाच."