एकच बुडी, एकच घाट

माझ्या अंजूरच्या दुकानात सोड्याची बाटली उघडायला माणसाला दोन सेकंद लागतात. हिरामणकाकांना पंधरा मिनिटं लागतात. झाकण केसभर फिरवायचं, फुस्स झालं की आवळायचं, बाकावर गप्प बसायचं, पुन्हा केसभर. मी वैतागतो, "काका, सोडा हाय, बॉम्ब न्हाय."

"अंगात पन असाच फेस व्हतो, लेका. कोनाच्या व्हतो, कोनाच्या न्हाय. अंगाअंगाचा फरक हाय."

काका तरुणपणी समुद्राच्या तळाशी पाइप जोडायचे. खोल पाण्यात हवा दाबानं अंगात मुरते. वर आल्यावर दिवसभर घाटबीट चढायचा नाही, नाहीतर उंचावर तिचे बुडबुडे होऊन मणक्यात अडकतात. हा डोस त्यांनी अख्ख्या गावाला पाजलाय. गोदामातला जाडजूड हमाल दिसला की त्याच्या पोटाकडे बघून सांगणार, "चरबी में हवा बहुत बैठती है, पहाड मत चढना." तो बिचारा म्हणतो, "चाचा, मैं तो टेम्पो पे चढता हूं."

माझ्या मेहुण्याची वास्तुशांत टेमघरला, सातव्या मजल्यावर. काका लिफ्ट सोडून जिन्यानं निघाले आणि दर मजल्यावर दहा मिनिटं थांबले. पोचले तेव्हा पंगत उठली होती. आम्ही पोट धरून हसलो. आता त्या हसण्याची मला लाज वाटते.

कारण परवा मी सहज विचारलं, "काका, तुम्हाला कधी झालं का हो हे?"

"मला न्हाय. काळूला झाला."

काळू त्यांचा धाकटा भाऊ, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला. कामावर अपघात झाला, एवढंच गावाला ठाऊक.

"सकाळी दोघांनी एकच बुडी मारली. सायेब बोलला, घाट उद्या चढा. पन इगतपुरीला माझ्यासाठी पोरगी बघायची व्हती. घाई मीच केली. दुपारच्या यष्टीत शेजारी शेजारी बसलो. घाट चढला नि काळूचे पाय गेले. तो सडपातळ, बिडीला शिवला न्हाय. मी हा असा जाड्या. नियमानं मी पडाया पायजे व्हतो."

"आणि पोरगी?"

"तिकडं गेलोच न्हाय कधी." त्यांनी झाकण केसभर फिरवलं. "मंग पाच येळा तसाच केला. बुडी मारायची, तीच यष्टी, तोच घाट. बोललो, मला पन होऊ दे. एक सांधा दुखला न्हाय."

काका बाटली घेऊन उठले. सोडा काळूचा असतो. त्याला आवडतो, पण तो फुस्स आवाज झाला की तो भिंतीकडे तोंड फिरवतो. म्हणून काका तो आवाज रोज माझ्या बाकावर बसून संपवतात आणि मग घरी जातात.